स्वास्थ्य, अस्मिता आणि समाज : आदिलाबादच्या संशोधनाचा धडा

सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर अभ्यासात गेल्या काही दशकांत तीन शब्दांना विशेष महत्त्व आले आहे. माणसाचे स्वास्थ्य, त्याची अस्मिता आणि तो ज्यात वावरतो तो समाज, ह्या तिहींचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न घेऊन विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात, प्रश्नावल्या तयार होतात आणि तरुण संशोधक खेडोपाडी हिंडू लागतात. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातही असे विद्यार्थी येतात. गोंड, कोलाम, प्रधान, तोटी अशा जमाती येथे राहतात; तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि लंबाडी ह्या भाषा एकाच बाजारात कानावर पडतात; तेव्हा अस्मितेच्या अभ्यासकाला हा प्रदेश मोलाचा वाटावा ह्यात नवल नाही. हा विषय समाजशास्त्राच्या नियतकालिकात न मांडता साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत मांडण्याचे कारण एवढेच की, त्याचे मूळ आमच्या मते भाषेत आहे. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, उत्तर कोणत्या भाषेत मिळाले आणि ग्रंथ अखेर कोणत्या भाषेत राहिला, ह्यावर त्या संशोधनाची किंमत बरीचशी अवलंबून असते. भाषा हे ज्यांचे क्षेत्र, त्यांनी ह्या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

प्रथम ह्या शब्दांचाच विचार करू. इंग्रजीतील शब्दाला मराठी प्रतिशब्द म्हणून कोणी 'कल्याण' म्हणतात, कोणी 'सुस्थिती', कोणी 'स्वास्थ्य'. आम्हाला ह्यांत 'स्वास्थ्य' हा शब्द अधिक अर्थवाही वाटतो. 'स्व' आणि 'स्थ' ह्या दोन अवयवांनी तो बनला आहे. जो आपल्या ठिकाणी स्थिर आहे तो स्वस्थ. व्यवहारात आपण ह्या शब्दाचा अर्थ संकुचित करून तो शरीराच्या आरोग्यापुरता ठेवला. परंतु त्याच्या पोटात 'आपली जागा' ही कल्पना आहे, ती विसरण्याजोगी नाही. 'अस्मिता' ह्या शब्दाची कथा ह्याहून चमत्कारिक आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता ही पाच क्लेशांपैकी एक मानली आहे; जो द्रष्टा आहे आणि ज्या साधनाने तो पाहतो, त्या दोहोंना एकच समजणे म्हणजे अस्मिता. तोच शब्द आज मराठीत अभिमानाचे निशाण होऊन बसला आहे. क्लेश आणि अभिमान ही दोन्ही टोके एकाच शब्दात सामावली असणे हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अस्मितेच्या अभ्यासकाला ही दोन्ही टोके पदोपदी भेटतात. 'समाज' हा शब्द मात्र आपण इतक्या सैलपणे वापरतो की गाव, जात, जमात, धर्मपंथ आणि राष्ट्र ह्या सर्वांना तो लागू पडतो. संशोधकाने तो वापरण्यापूर्वी, ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत ते स्वतःला 'आम्ही' म्हणताना कोणाकोणाला त्यात धरतात, हे विचारून घेणे अगत्याचे असते.

स्वास्थ्य मोजण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याची व्याख्या करताना रोगाचा अभाव पुरेसा मानला नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती असे व्यापक रूप तिला दिले. भूतानच्या राजाने १९७० च्या दशकात राष्ट्राच्या उत्पन्नापेक्षा राष्ट्राच्या सुखाकडे लक्ष द्यावे असा विचार मांडला. १९९० मध्ये महबूब उल हक ह्यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन ह्यांच्या विचारांच्या आधाराने मानवविकासाचा पहिला अहवाल निघाला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण ही मापे आली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सुखासंबंधी ठराव केला आणि पुढल्याच वर्षापासून देशोदेशींच्या सुखाचा अहवाल निघू लागला. ह्या अहवालात वापरले जाणारे एक साधन हॅडली कँट्रिल ह्या अमेरिकन अभ्यासकाचे आहे. १९६५ मध्ये त्याने एक शिडी कल्पिली. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेले उत्तमातले उत्तम जीवन, सर्वांत खालची म्हणजे वाईटातले वाईट. शून्यापासून दहापर्यंत तुम्ही आज कोणत्या पायरीवर उभे आहात ते सांगा.

हे साधन सोपे आहे, आणि लाखो माणसांची तुलना करावयाची तर सोपे साधन लागतेच. तथापि शिडीवर एका वेळी एकच माणूस उभा राहतो, ही तिची मर्यादा. आमच्या भागातील एका वयोवृद्ध गोंड शेतकऱ्याला असा प्रश्न विचारला जात असताना आम्ही जवळ होतो. त्याने उत्तर दिले ते असे की, पाऊस वेळेवर आला आहे, पण नातीच्या लग्नाला सगे अजून मिळाले नाहीत, आणि देवकार्य दोन वर्षे राहिले आहे. विद्यार्थ्याने नम्रपणे पुन्हा आकडा विचारला. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिले, मुलाने 'पाच लिहा' म्हटले, आणि पाच लिहिले गेले. वास्तविक त्याने उत्तर पूर्ण दिले होते. जमीन आणि पाऊस, सोयरीक, पूर्वजांचे देवकार्य ह्या तीन जागा जोवर भरलेल्या नाहीत तोवर तो 'स्व-स्थ' नव्हता, एवढेच त्याला सांगावयाचे होते. पाच ह्या आकड्यात त्यातले काहीच उतरले नाही.

ह्यावरून मोजणी निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आमचे म्हणणे इतकेच की, काय मोजावयाचे हे ठरण्यापूर्वी ते लोक स्वास्थ्य कशाला म्हणतात हे समजले पाहिजे. आणि ते कसे समजून घ्यावे ह्याचे एक उदाहरण खुद्द ह्याच जिल्ह्यात ऐंशी वर्षांपूर्वी घडून गेले आहे. ते आज मराठी वाचकांच्या विस्मरणात गेल्यासारखे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

१९४० मध्ये तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात, आसिफाबादच्या डोंगरात, जोडेघाट येथे कुमरम भीम हा गोंड पुढारी निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. राखीव जंगलाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सोडून जाण्याचे हुकूम, जंगलखात्याच्या कनिष्ठ नोकरांचा जाच आणि सावकारांकडे जाणारी शेते ही त्या उठावाची कारणे होती. उठाव मोडला गेला. परंतु एक शांत जमात शस्त्र का उचलते, हा प्रश्न संस्थानच्या सरकारपुढे उभा राहिला. त्या सुमारास क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा तरुण मानववंशशास्त्रज्ञ हैदराबादेत होता. त्याचा जन्म १९०९ चा. व्हिएन्नात पदवी घेऊन आणि लंडनला मॅलिनॉव्स्कीच्या अध्यापनाचा लाभ घेऊन त्याने आसामच्या सीमेवरील कोन्याक नागांमध्ये काम केले होते. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्याजवळ जर्मन पारपत्र असल्यामुळे ब्रिटिशांच्या दृष्टीने तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्याच्या हालचाली हैदराबाद संस्थानापुरत्या मर्यादित झाल्या. ह्या सक्तीच्या मुक्कामातून चेंचू, रेड्डी आणि राजगोंड ह्या जमातींवरील त्याचे ग्रंथ निर्माण झाले. १९४१ पासून तो व त्याची पत्नी एलिझाबेथ, जिला सर्व बेटी म्हणत, मारलवाई ह्या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिली. हे गाव पुढे २०१६ च्या जिल्हाविभाजनानंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले.

त्याने काय केले? तो गोंडी शिकला. पेरणी, कापणी, लग्ने, मर्तिके, देवकार्ये ह्यांत हजर राहिला. आणि ह्या लोकांच्या जीवनाची मांडणी त्यांच्याच शब्दांनी करण्याचा यत्न केला. १९४८ मध्ये निघालेल्या 'द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद' ह्या ग्रंथाचा पहिला भाग पुराणकथा आणि विधी ह्यांनाच वाहिलेला आहे. त्यात दिसते ते असे : स्वतःला 'कोइतूर' म्हणवणारा हा समाज सात, सहा, पाच आणि चार अशा चार समूहांत विभागलेला आहे, ह्या समूहाला 'सगा' म्हणतात. पहांदी कुपार लिंगाल ह्या संस्कृतिपुरुषाने देवांना मुक्त करून ही विभागणी केली अशी कथा आहे. एका सग्यातील मुलामुलींचे आपसांत लग्न होत नाही, ते दुसऱ्या सग्याशीच व्हावे लागते. प्रत्येक कुळीचा पेर्सा पेन, म्हणजे थोर देव, असतो, आणि मेलेला माणूस विधिपूर्वक त्याच्या ठायी पोचला म्हणजेच तो पूर्वजांत सामील होतो. तेव्हा गोंडाला 'तू कोण?' असे विचारले तर त्याचे खरे उत्तर कुळीने आणि सग्याने द्यावयाचे असते. त्याची अस्मिता त्याला एकट्याला धरून राहत नाही. ती दुसऱ्या तीन सग्यांच्या अस्तित्वावर अवलंबून असते, कारण ते नसतील तर त्याला सोयरा नाही. मराठीत 'सगा' म्हणजे रक्ताचा, आणि 'सोयरा' म्हणजे लग्नाने जोडलेला. गोंडी व्यवस्थेत सगा हा शब्द ह्या दोन्ही अर्थांच्या उंबरठ्यावर उभा आहे. एवढा एक शब्द समजून घेतला तरी आमच्या त्या वृद्ध शेतकऱ्याचे उत्तर स्पष्ट होते.

मराठी वाचकाला ह्यात आणखी एक गोष्ट जिव्हाळ्याची वाटेल. गोंडांच्या कुळीकथा आणि देवांची महाकाव्ये त्यांचे वंशपरंपरागत भाट, म्हणजे प्रधान, किंगरीच्या साथीवर गातात. हे प्रधान आदिलाबादकडे घरात मराठी बोलत आले आहेत. म्हणजे गोंडांची गोंडी स्मृती जपण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मराठी मातृभाषा असलेल्या लोकांनी केले. एक भाषा म्हणजे एक समाज, एक समाज म्हणजे एक अस्मिता, असे जे सुटसुटीत समीकरण आपण नकळत मनाशी धरतो, ते प्रधानाच्या किंगरीपुढे टिकत नाही.

हायमेनडॉर्फच्या संशोधनाचे महत्त्व ग्रंथावर संपत नाही. विल्फ्रिड ग्रिग्सन ह्या महसूलखात्याच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पाठिंब्याने त्याच्या अहवालांवर कारवाई झाली. गोंडांना लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे मिळाले. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड तरुणांसाठी शिक्षणकेंद्र निघाले. त्यातून शिक्षक तयार झाले आणि पुढे पटवारी व जंगलखात्याचे कर्मचारीही. ज्या हुद्द्यांच्या भीतीने गोंड जंगलात पळत असे, त्या हुद्द्यांवर गोंडच बसावा, ही त्यामागची कल्पना होती. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत, जिथे पौष अमावस्येला मेश्राम कुळीचे लोक जमतात आणि नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात, तिथे सरकारी अधिकाऱ्यांनी बसून लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दरबार त्याच दशकात सुरू झाला. जमीन, भाषा आणि आपल्या माणसांचे सभास्थान ह्या तीन गोष्टी सुरक्षित झाल्या म्हणजे स्वास्थ्याचा पाया घातला गेला, असे ह्या सर्व योजनेचे सार सांगता येईल.

मारलवाईच्या शाळेसाठी गोंडी भाषेतील वाचनपाठ तयार झाले ते देवनागरी लिपीत. डोंगरातील बिगर-आदिवासी वस्तीची आणि बाजाराची भाषा तेव्हा बहुतांशी मराठी होती, गोंडांना ती समजत होती, म्हणून गोंडी अक्षरज्ञानाची वाट मराठीच्या लिपीतून काढली गेली. ह्या कामात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता, तो म्हणजे सेतुमाधवराव पगडी ह्यांचा. निलंग्याला १९१० मध्ये जन्मलेले आणि पुढे पद्मभूषण किताबाने गौरवलेले हे इतिहाससंशोधक शिवकालाच्या अभ्यासासाठी आणि 'जीवनसेतू' ह्या आत्मचरित्रासाठी आपणांस परिचित आहेत. परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या गोंडांत काम केले, गोंडी व कोलामी भाषा शिकून त्यांची व्याकरणे लिहिली आणि गोंडांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अधिकारी असूनही शासितांची भाषा शिकणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट आजच्या संशोधक विद्यार्थ्याने ध्यानी धरावी.

येथे एक आक्षेप उभा राहील, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. हायमेनडॉर्फ निजामाच्या सरकारचा सल्लागार होता. ज्या सत्तेने भीमाला गोळी घातली तिच्याच पगारावर असणाऱ्याचे संशोधन निःपक्षपाती कसे मानावे? आक्षेप रास्त आहे. संशोधकाला प्रवेश कोण देतो आणि त्याचा खर्च कोण करतो, ह्याचा त्याच्या प्रश्नांवर परिणाम होतो. तो आजच्या शिष्यवृत्तीधारकालाही चुकलेला नाही. ह्यावर उपाय एकच, की संशोधकाने आपले स्थान उघड सांगावे आणि त्याच्या निष्कर्षांची कसोटी काळाच्या हाती द्यावी. हायमेनडॉर्फने ती कसोटी स्वीकारली. लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरही तो येथे पुनःपुन्हा आला, आणि १९७० च्या दशकात जे पाहिले ते त्याने निर्भीडपणे लिहिले : पूर्वी दिलेल्या जमिनी हातच्या जात आहेत. लंडनच्या त्याच संस्थेतील मायकेल यॉर्क हा तरुण अभ्यासक त्या दशकात राजगोंडांत राहून प्रबंधाचे काम करीत होता. त्याचे लेखनही १९८२ च्या 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' ह्या ग्रंथात समाविष्ट झाले. १९४८ च्या ग्रंथाचे उपशीर्षक पुराणकथा आणि विधी असे होते. १९८२ च्या ग्रंथाचे उपशीर्षक आहे जगण्यासाठीचा झगडा. एकाच अभ्यासकाच्या दोन पुस्तकांच्या नावांत चौतीस वर्षांचा इतिहास आला.

ह्या काळात काय घडले होते? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. त्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि आज ते अनुक्रमे नांदेड व चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर तीच कुळी, तोच सगा, तोच पेर्सा पेन. परंतु एका तीरावरचा मुलगा मराठीतून शिकू लागला, दुसऱ्या तीरावरचा तेलुगूतून, आणि मारलवाईचे देवनागरी गोंडी वाचनपाठ मागे पडले. १९७६ च्या कायद्याने, जो पुढील वर्षी अमलात आला, तेलंगणातील लंबाडा समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात मात्र तोच बंजारा समाज विमुक्त जातींत राहिला. नदी ओलांडली की माणसाची कायदेशीर ओळख बदलते, अशी ही स्थिती. तिच्यामुळे सीमेपलीकडून कुटुंबे येऊ लागली, जमिनीवरील ताण वाढला, आणि गोंड व लंबाडा ह्या दोन्ही कष्टकरी समाजांत जो दुरावा निर्माण झाला तो २०१७ मध्ये पुन्हा तीव्रतेने वर आला. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे तेरा माणसे मृत्युमुखी पडली, लोक ह्याहून पुष्कळ अधिक सांगतात. जिवतीच्या डोंगरातील चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षे हक्क सांगितला आणि तेथल्या माणसांना दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावे सापडली. अशा गावात 'तुमची ओळख कोणती?' हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी तो प्रश्न कोणाचा आहे, सरकारचा की शेजाऱ्याचा, हे स्पष्ट करावयास हवे.

आणि आपल्या मराठी वाचकांपासून एक गोष्ट दडवून ठेवणे बरे नव्हे. गोंडांच्या काळ्या कसदार जमिनी ज्यांच्याकडे गेल्या, त्यांत वऱ्हाड-मराठवाड्याकडून आलेले शेतकरी, व्यापारी आणि सावकारही होते. आमची भाषा गोंडांच्या अक्षरज्ञानाची वाट झाली, तशीच ती कर्जाच्या कागदाचीही भाषा होती. मराठी अस्मितेचा विचार करताना ह्या दोन्ही नोंदी एकाच वहीत ठेवाव्या लागतील.

ह्याच विषयावर मराठी विद्वत्तेने पूर्वी मोठा वाद घातला आहे. व्हेरिअर एल्विन ह्यांनी १९३९ मध्ये बैगांवरील ग्रंथात आदिवासींना बाहेरच्यांच्या संपर्कापासून राखण्याचा विचार मांडला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे धुरीण असलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९४३ मध्ये त्याला उत्तर दिले; आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागासलेले घटक आहेत आणि समरसता हाच त्यांचा मार्ग, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही पक्षांत विद्वत्ता होती, कळकळही होती. परंतु आदिलाबादच्या अनुभवाने ह्या वादात एक तिसरी बाजू पुढे आणली. वेगळे ठेवावे की मिसळून घ्यावे हे इतरांनी ठरवण्यापूर्वी, ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्या पायाखाली जमीन आणि हाती लेखणी असली पाहिजे. त्यानंतर किती मिसळावे आणि किती वेगळे राहावे हे तेच ठरवतील. किंबहुना ते ठरवण्याची शक्ती असणे ह्यालाच स्वास्थ्य म्हणावे.

आता आजच्या संशोधक विद्यार्थ्याकडे वळू. आमची पहिली सूचना काळासंबंधी आहे. आदिलाबादचे सुखदुःख ऋतूंनी बदलते. कापूस घरात आलेल्या माणसाचे उत्तर आणि पेरणीसाठी कर्ज काढलेल्या माणसाचे उत्तर, माणूस एकच असला तरी, सारखे नसते. दिवाळीच्या दंडारीत गुसाडीचा मोरपिसांचा मुकुट चढवलेल्या तरुणाला पाहिल्यावाचून त्याच्या अस्मितेबद्दल लिहिणे अपुरे होय. मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू ह्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली तेव्हा राष्ट्राने ह्या नृत्याची दखल घेतली; परंतु त्या गावाला ते नृत्य शेकडो वर्षे सन्मान देतच आले होते. निदान एक संपूर्ण कृषिवर्ष गावात राहिल्याशिवाय प्रबंधाची मांडणी करू नये.

दुसरी सूचना दुभाष्यासंबंधी. संशोधक आणि गाव ह्यांच्यामध्ये जो उभा राहतो त्याचे गावातील स्थान काय, हे तपासावे. दुकानदार दुभाषी असेल तर कर्जाबद्दलचे उत्तर खरे मिळणार नाही. पुरुषच दुभाषी असेल तर स्त्रियांच्या मनातले कळणार नाही. अर्थात सर्वांत बरे म्हणजे भाषा शिकावी. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषिकांची संख्या एकोणतीस लाखांच्या वर नोंदली गेली. इतके लोक जी भाषा बोलतात ती अवघड म्हणून टाळण्याजोगी नाही, आणि द्राविड कुळातील असूनही मराठी शब्दांची तिच्यात रेलचेल असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ती फार परकी वाटणारही नाही.

तिसरी सूचना तुलनेसंबंधी. पैनगंगेच्या दोन तीरांसारखी संधी समाजशास्त्राला क्वचित मिळते. एकच जमात, एकच कुळी, परंतु दोन राज्ये, दोन शिक्षणभाषा, जमिनीचे दोन वेगळे कायदे. तेव्हा किनवटच्या गोंडाचे स्वास्थ्य आणि उटनूरच्या गोंडाचे स्वास्थ्य ह्यांत जो फरक दिसेल त्यातून राज्यसंस्थेचा परिणाम कोणता आणि परंपरेचा कोणता, हे निराळे करून पाहता येईल. मराठी आणि तेलुगू जाणणाऱ्या सीमेवरच्या विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा अशी आमची फार इच्छा आहे.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची वाटते, ती परतफेडीची. गावाने दिवसेंदिवस बसून सांगितलेले जेव्हा दूरच्या ग्रंथालयात परभाषेतील प्रबंध होऊन राहते, तेव्हा सांगणाऱ्याचे काहीतरी त्याच्यापासून दूर नेले जाते. दुर्गा भागवत ह्यांचे उदाहरण येथे आठवते. विद्यार्थिदशेत त्या मध्यप्रांतातील आदिवासींच्या अभ्यासासाठी रानोमाळ हिंडल्या. दीर्घ आजारामुळे प्रबंध राहिला. परंतु तेथून आणलेली लोकजीवनाची दृष्टी त्यांनी जन्मभर मराठीत लिहून परत केली. पदवी न मिळताही संशोधन सफल झाले. मारलवाईच्या लोकांनीही परतफेड ओळखली. बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारली तेव्हा तिचे दफन मारलवाईला झाले, आणि १९९५ मध्ये लंडनला निधन पावलेल्या हायमेनडॉर्फच्या अस्थीही पुढे तेथेच आणण्यात आल्या. परक्या माणसाला आपल्या मातीत जागा देणे हा त्या गावाचा संशोधनाविषयीचा अभिप्राय समजावा.

सुदैवाने परतफेडीची साधने आज वाढली आहेत. नारनूरजवळच्या गुंजाला गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते मिळाली, हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासकांनी त्यांवर काम केले, आणि २०१८ मध्ये 'गुंजाला गोंडी' ह्या नावाने ती लिपी युनिकोडमध्ये दाखल झाली. म्हणजे संगणकावर लिहिण्याची सोय तिच्यासाठी खुली झाली. आमच्या वर्गात बसणारा गोंड मुलगा घरी गोंडी बोलतो, बाजारात मराठी समजतो आणि पुस्तकात तेलुगू वाचतो. ह्या तिहींपैकी एक पुसून दुसरी ठसवावी असे आम्हाला शिक्षक म्हणून कधीच वाटले नाही. तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाची अस्मिता दुभंगलेली असते हा ग्रह शाळेत टिकत नाही. त्याला लाज वाटावयास लावले तरच ती दुभंगते.

म्हणून साहित्यसंस्थांना आमची एक व्यावहारिक विनंती आहे. आदिलाबाद, किनवट, राजुरा, यवतमाळ ह्या पट्ट्यातील आदिवासी जीवनावर विद्यापीठांतून जे प्रबंध मान्य होतात, त्यांतील एकेकाचा सारांश दरवर्षी सोप्या मराठीत आणि गोंडीत छापावा. पैनगंगेच्या अलीकडे तेलुगू लिपी आणि पलीकडे देवनागरी वाचली जाते, तेव्हा गोंडी मजकूर दोन्ही लिपींत असावा. शक्य तेथे गुंजाला लिपीतही. चाळीसएक पानांची पुस्तिका पुरे. ती केस्लापूरच्या जत्रेत ठेवावी, गावच्या शाळेत द्यावी, आणि ज्या गावाबद्दल ती आहे त्या गावच्या सभेत संशोधकाने स्वतः वाचून दाखवावी. गावकरी तिच्यातल्या चुका काढतील. त्या दुरुस्त करून दुसरी आवृत्ती निघाली, तर त्या संशोधनात गावाचीही जागा झाली असे म्हणता येईल.